पाव इंची आटे

शनिवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी हैबतराव शिर्के पेणच्या रामवाडीत, बाबाजींच्या गणपती कारखान्याच्या मागच्या खोलीत, जमिनीवर वर्तमानपत्र पसरून पाना चालवत होते. समोर वहीएवढा, पारदर्शक झाकणाचा एक ठोकळा होता. तो संगणकाच्या ग्राफिक्स कार्डावर बसवायचा, त्यातून पाणी फिरवायचं आणि कार्ड थंड ठेवायचं, असं काम होतं.

संगणक हैबतरावांच्या मुलीच्या, दिशाच्या ताब्यात होता. ती या कारखान्यात मूर्तींचे नमुने संगणकावर घडवते. गिऱ्हाईकाला मूर्ती पडद्यावर फिरवून दाखवते. पसंत पडली की साचा होतो. अडचण प्लास्टरच्या धुळीची होती. कार्डाचे पंखे ती धूळ ओढून घेत आणि दोन महिन्यांत अडकत. मग कार्ड तापे आणि पडदा काळा होई. मागच्या महिन्यात ठाण्याच्या एका मंडळासमोर मूर्ती पाठमोरी असताना पडदा काळा झाला. मंडळ चहा पिऊन गेलं. दुसऱ्या दिवशी बाबाजी म्हणाले, "पुढच्या महिन्यात दुसऱ्या मंगळवारी आणखी एक मंडळ येतंय. तेव्हाही असंच झालं तर आपण आपलं पहिल्यासारखं हातानं करू गो. मशीन नको नि मशीनवालीपण नको."

म्हणून पाणी. कार्ड बंद खोक्यात ठेवायचं. तापलेलं पाणी नळीने भिंतीपलीकडे पडवीत न्यायचं, तिथल्या स्वच्छ हवेत रेडिएटरमध्ये निववायचं आणि परत आणायचं. दिशाने सामान मागवलं होतं आणि मोबाइलवर पाहून ती ते जोडणार होती. हैबतरावांनी मोबाइल बाजूला ठेवायला लावला. धाटावच्या एका केमिकल कंपनीत एकतीस वर्षं पाइपलाइन जोडून ते मार्चमध्ये निवृत्त झाले होते. पाने, दाब मोजायचा गेज आणि सायकलचा पंप घेऊन ते रोह्याजवळच्या वरसेतल्या घरून निघून पहिल्या एसटीने आले होते.

नळी जोडायचं पहिलं फिटिंग हातात आल्यावर त्यांनी अंगठ्याने आटे चाचपले. डबा परदेशी, फिटिंग चकचकीत, पण आटे पाव इंची. असे आटे त्यांनी आयुष्यभर आवळले होते.

"हे तर आपलंच हाय," ते म्हणाले. चूक इथे झाली.

"पप्पा, हातानंच आवळायचं असतं," दिशा म्हणाली. "आत रबरी रिंग हाय. पाणी ती अडवते."

"हातानं बाटलीचं बूच आवळतात."

त्यांनी पाना लावला आणि शेवटचा पाव फेरा दिला. काही आवाज आला नाही.

त्यांची दुसरी सवय मात्र कामी आली. लाइन तपासल्याशिवाय ते ती कधी यंत्राला जोडत नसत. ठोकळा कार्डापासून लांबच ठेवून त्यांनी नळ्या लावल्या, पाण्याऐवजी सायकलच्या पंपाने हवा भरली आणि गेजचा काटा बघत बसले. अर्धा तास तो हलता कामा नये. चार मिनिटांत तो शून्यावर आला. ठोकळा बादलीत बुडवल्यावर डाव्या फिटिंगच्या बुडातून बुडबुडे निघाले. पारदर्शक ॲक्रिलिकला केसाएवढी चीर गेली होती.

बाबाजी पांढरे हात घेऊन दारात आले.

"गळतंय?"

"गळतंय."

"कुणामुळं?"

"माझ्यामुळं."

बाबाजींनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि ते गेले.

नवा ठोकळा यायला नऊ दिवस लागणार होते आणि मंडळाचा मंगळवार तीन दिवसांवर होता. पण चीर गेली होती ती फक्त फिटिंगं बसतात त्या टोकाच्या तुकड्याला, आणि तो चार स्क्रूंवर सुटत होता. हैबतरावांनी तो सोडवून रुमालात बांधला आणि बाराच्या एसटीने रोह्याला, तिथून पूल ओलांडून अष्टमी गावात गेले. तिथे धनेशचं वर्कशॉप आहे. धनेश कंपनीत त्यांच्या हाताखाली होता. त्याने केलेले कित्येक जोड हैबतरावांनी नापास केले होते.

"काका, हे फोडलं कुणी?"

"मी. अस्साच पितळेचा करून दे. आटे पाव इंची."

"तुम्ही? जास्त आवळून?"

"मशीन चालव."

"चालवतो. आधी एक फोटू काढू द्या. कंपनीतली पोरं नायतर विश्वास ठेवणार नाय."

हैबतराव तुकडा हातात धरून उभे राहिले. तुकडा त्यांना आजच हवा होता.

रविवारी सकाळी पितळेचा तुकडा ठोकळ्यावर बसला. फिटिंगं दिशाने आवळली. हैबतराव शेजारी हात मागे बांधून उभे होते.

"अजून थोडं."

"बस्स झालं."

"एवढंच?"

"पप्पा, तो पाना इकडं द्या."

त्यांनी दिला. तिने तो कपाटात ठेवला आणि किल्ली ओढणीच्या टोकाला बांधली. अर्ध्या तासात काटा हलला नाही. दिशा पाण्याची बाटली उघडायला लागली, तेव्हा हैबतरावांनी कंपनीचा नियम सांगितला: चोवीस तास. तिने बाटली बंद केली. या एका बाबतीत तिने वाद घातला नाही.

सोमवारी अकराला काटा होता तिथेच होता. मग ठोकळा कार्डावर चढला आणि पंपाजवळच्या छोट्या टाकीतून लाइनमध्ये पाणी भरलं. कार्डाची वीज बंद ठेवून तीन तास नुसता पाण्याचा पंप चालवला. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवले होते. ते कोरडे निघाले. अडीच वाजता दिशाने संगणक चालू केला आणि तासभर मूर्ती फिरवत राहिली. पूर्वी कार्ड नव्वद अंशांपलीकडे जाऊन बंद पडे. आता ते सत्तावन्नवर थांबलं.

बाबाजींनी मूर्ती दोनदा मागून बघितली.

"उद्या मंडळाला तूच दाखव," ते दिशाला म्हणाले. "नि ते सात नमुने राहिलेत, ते पण घे करायला." मग हैबतरावांकडे वळले. "तुम्ही येताय उद्या?"

"मी कशाला? ती हाय की."

उद्या मंगळवार. कारखाना नऊला उघडतो. मंडळ अकराला येणार आहे. संगणक चालू करण्याआधी दिशाला टाकीतल्या पाण्याची पातळी बघायची आहे आणि पडवीतल्या रेडिएटरवरची धूळ ब्रशने झाडायची आहे. या कामाला सहा मिनिटं लागतात.