उसाच्या ट्रॉलीवरून बघितलेला सामना

मी शाळेत गणित शिकवते आणि श्रीरामपूरला दर हिवाळ्यात मुलींच्या फुटबॉलची जी स्पर्धा भरते, तिची मैदानावरची व्यवस्था बघते. म्हणजे खुर्च्या, पाणी, प्रथमोपचाराची पेटी, पंचांचा चहा. याद्या करायची मला सवय आहे, म्हणून हे काम माझ्याकडे आलं आणि राहिलं.

आदल्या वर्षी उपान्त्य सामन्यात एका मुलीचे वडील मैदानात घुसले. त्यांनी पंचांच्या हातातली शिट्टी हिसकावली आणि स्वतःच वाजवली. त्यांच्या मागून दोन काका आले, एक मामा आले, मग समोरच्या संघाचे मामा आले. सामना अर्धा तास बंद पडला. दोन्हीकडच्या मुली मधल्या वर्तुळात मांडी घालून बसल्या होत्या आणि आपापल्या घरच्यांकडे लाजेने बघतही नव्हत्या.

यंदा असं होऊ द्यायचं नाही, असं मी समितीच्या बैठकीत ठणकावून सांगितलं आणि पानभर नियम लिहून काढले. एका खेळाडूमागे पालकांना दोन पास. पास नाही, तर प्रवेश नाही. पालकांनी दोरीच्या मागे बसायचं, उभं राहायचं नाही. पिशव्या गेटवर तपासल्या जातील. डबा आत न्यायचा नाही. भिंतीवर, झाडावर किंवा गाडीच्या टपावर चढून सामना बघायचा नाही. हा शेवटचा नियम सुचला तेव्हा मी स्वतःवर खूश झाले होते. पास मी मुलींच्या हाती दिले नाहीत, कारण मुली ते हरवतात. प्रत्येकीच्या अर्जावरचा घरचा पत्ता घेतला आणि पाकिटं पोस्टाने पाठवली.

अंमलबजावणीसाठी एका व्यायामशाळेतले बारा तरुण घेतले. त्यांना नारिंगी जाकिटं दिली, नियमांच्या प्रती दिल्या आणि सांगितलं, ‘‘नातं बघायचं नाही, पास बघायचा.’’

त्यांनी ते फारच मनावर घेतलं. सकाळच्या सामन्यांना एका आजोबांनी आपली घडीची खुर्ची वीतभर पुढे सरकवली, तर दोघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून मागे ठेवलं. एका बाईच्या पर्समधला बिस्किटाचा पुडा बाहेर काढला. मुलीने गोल केला म्हणून एक आई टुणकन उभी राहिली, तर खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

‘‘अरे, मी तिची आई आहे, चोर नाही!’’ ती ओरडली.

‘‘आई असाल तर बसून असा,’’ जाकिटवाला म्हणाला.

लोक हसले. मीही हसले. शिस्त लागली होती, सामने वेळेवर चालले होते, आणि मला त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे.

अंतिम सामना दुपारी होता. एका बाजूला आमच्या गावातला संघ, दुसऱ्या बाजूला पाथर्डीकडचा एका वसतिगृहाचा. त्या वसतिगृहात ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुली राहतात. त्यांची गोलकीपर सातवी-आठवीतली, हातमोजे मनगटापाशी सुतळीने बांधलेली, काटकुळी पोरगी. दोन सामन्यांत तिने एकही बॉल आत जाऊ दिला नव्हता. त्यांच्या पालकांसाठी राखलेल्या खुर्च्या मात्र सकाळपासून रिकाम्या होत्या. घरून कुणीच आलं नाही, बिचाऱ्यांना मुलींच्या खेळाचं काय, असा विचार माझ्या मनात आला, आणि त्या खुर्च्या मी प्रमुख पाहुण्यांच्या मंडळींना देऊन टाकल्या.

सामना सुरू झाला आणि गेटवर गलका ऐकू आला. मी गेले.

गेटबाहेर चौदा-पंधरा माणसं होती. अंगावर उसाच्या पाचटाचा भुसा, हातावर पानांचे ओरखडे. बायकांनी साडीवरून पुरुषी शर्ट घातलेले. सगळे फडातून थेट आले होते, त्यामुळे चौघांच्या हातात कोयते होते. तोडणारा माणूस कोयता मागे ठेवून कुठे जात नाही, हे या भागात कुणालाही माहीत आहे. जाकिटवाल्यांना मात्र फक्त कोयते दिसले. एकाने पुढच्या माणसाचा दंड धरून त्याला मागे रेटलं होतं. त्या ढकलाढकलीत एका बाईच्या हातातलं फडकं सुटलं आणि भाकरी मातीत पडल्या.

‘‘ओ मामा, मागं सरा. कोयता घेऊन मॅचला येतंय का कुणी?’’

‘‘कोयता घ्या की ठिवून. आमाला आत सोडा,’’ तो माणूस म्हणाला. ‘‘आमची पोरगी खेळती हितं.’’

‘‘पास?’’

‘‘कसला पास?’’

भाकरी पडल्या होत्या ती बाई त्या गोळा करत होती. तिशीची असेल. भाकरीवरची माती झटकत ती माझ्याकडे वळली. ‘‘बाई, ती गोलात हुबी राहती ना, ती माझी लेक. हास्टेलच्या सरांनी काल फोन केल्ता. आमची टोळी हितं जवळच तोडाय हाय. लेकीचा खेळ मी कदी बघितला न्हाई.’’

‘‘पास घरी पाठवले होते,’’ मी म्हणाले. ‘‘तुमच्या पत्त्यावर.’’

‘‘घरी?’’ तिने माझ्याकडे पाहिलं. तिचा आवाज चढला नाही. ‘‘घराला कुलूप हाय, बाई. दिवाळीपास्नं.’’

मी या जिल्ह्यात जन्मले. दर हिवाळ्यात माझ्या दारावरून उसाच्या गाड्या जातात, त्यांवर बसलेली माणसं मी रोज बघते. कारखाने सुरू झाले की पूर्वेकडची गावंच्या गावं मोकळी होतात, हे मी वर्गात मुलांना सांगितलेलं आहे. आणि तरी जानेवारीत त्याच गावांतल्या कुलूप लावलेल्या दारांवर मी अकरा पाकिटं पाठवली होती. पत्ते बरोबर लिहिले होते, पिनकोडसकट.

तेव्हाच मी गेट उघडायला हवं होतं. ते माझ्या हातात होतं. पण जाकिटवाला म्हणाला, ‘‘मॅडम, तुमचाच नियम आहे,’’ आणि मी म्हणाले, ‘‘थांबा, अध्यक्षांना विचारून येते.’’

अध्यक्ष मांडवात पाहुण्यांशी बोलत होते. मी शेजारी उभी राहिले. त्यांचं बोलणं संपेना. शेवटी मी मधेच तोंड घातलं. ‘‘बाई, कडक करा म्हणून तुम्हीच भांडलात ना?’’ ते हसून म्हणाले. ‘‘घ्या की आत. त्यात विचारायचं काय?’’

मी परतले तेव्हा गेटवर कुणी नव्हतं.

‘‘गेले,’’ जाकिटवाला म्हणाला. ‘‘भिंतीकडं गेलेत. आमचा एक जण गेलाय मागं, त्यांना उतरवायला.’’

मैदानाच्या एका टोकाला, गोलच्या मागे, पुरुषभर उंचीची भिंत आहे. तिला लागून कारखान्याचा रस्ता जातो आणि हंगामात त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते. त्यांच्याच टोळीने सकाळी भरलेला ट्रॅक्टर तिथे उभा होता. मागच्या ट्रॉलीवर, भिंतीच्याही वर हात-दीड हात चढलेल्या उसावर, ती सगळी माणसं ओळीने बसली होती. खाली नारिंगी जाकीट मान वर करून शिट्टी फुंकत होतं.

‘‘खाली उतरा! भिंतीवर, झाडावर, गाडीच्या टपावर चढून बघायला बंदी आहे!’’

‘‘ही काय भिंत हाय व्हय?’’ वरून एका म्हातारीने विचारलं.

‘‘नाही, पण—’’

‘‘झाड हाय?’’

‘‘आजी, टपावर—’’

‘‘टप कुटं दिसतोय तुला? ऊस हाय ह्यो. ऊस लिवलाय का तुज्या कागदात, बघ.’’

त्याने खरंच खिशातून कागद काढला आणि वाचायला लागला. वर सगळे खदखदले. मी त्याच्या हातातून कागद घेतला आणि त्याला गेटवर परत पाठवलं.

‘‘चला, परवानगी मिळाली,’’ मी खालून म्हणाले. ‘‘आत बसा. मी खुर्च्या करून देते.’’

गोलकीपरच्या आईने मैदानाकडून नजर काढली नाही. ‘‘आता कुटं उतरता, बाई? हितनं लई झ्याक दिसतंय. तुमीच या की वर.’’

ट्रॉलीला एक अरुंद फळी तिरकी लावलेली होती. मोळी डोक्यावर घेऊन याच फळीवरून या बायका दिवसभर चढतात, हात न टेकवता. मी रांगत चढले. शेवटच्या टप्प्यावर दोघींनी मला काखेत धरून वर ओढलं आणि म्हातारीने बाजूला सरून जागा दिली. उसाच्या कांड्या टोचत होत्या. मी खाली पाहिलं.

इतक्या वर्षांत मी ते मैदान वरून कधी बघितलंच नव्हतं. दोन्ही बाजूंना दोऱ्या, दोऱ्यांमागे ओळीत बसवलेली कुटुंबं, दर पाच-सहा पावलांवर एक नारिंगी ठिपका. कुणी हलत नव्हतं. आपल्या मुली खेळताना बघायला आलेली माणसं परीक्षेला बसल्यासारखी दिसत होती. आणि मधोमध त्या बावीस मुली मोकळ्या पळत होत्या.

मध्यंतरात बाजू बदलल्या. काटकुळी गोलकीपर आमच्या भिंतीजवळच्या गोलकडे चालत आली. येता येता तिने वर पाहिलं आणि थबकली. आईने नुसती मान डोलावली. मुलीने हातमोज्यांची सुतळी दातांनी आवळली, आमच्याकडे पाठ केली आणि गोलात उभी राहिली.

आई मागे वळून सगळ्यांना म्हणाली, ‘‘कुनी हाक मारायची न्हाई. तिचं ध्यान जाईल.’’

त्यानंतर जे झालं ते मी याआधी कुठल्याही मैदानावर बघितलं नव्हतं. पंधरा माणसं उसावर बसून होती आणि कुणाच्या तोंडून अवाक्षर निघत नव्हतं. त्यांना दोरी नव्हती, पास नव्हता, पहारा नव्हता. बॉल जवळ आला की सगळे एकदम पुढे झुकायचे आणि मोळ्या करकरायच्या, एवढाच आवाज.

‘‘ही एकटीच का मागं राहती?’’ थोड्या वेळाने आईने मला हळूच विचारलं.

मी समजावून सांगायला तोंड उघडलं, तोवर तिचं तिलाच समजलं होतं. ‘‘राखन करती,’’ ती पुटपुटली. ‘‘समद्या पुढं गेल्या तरी हिनं जागा सोडायची न्हाई.’’

मागच्या ट्रॅक्टरने भोंगा वाजवला. कारखान्याच्या दिशेने रांग सरकली होती आणि आमच्यापुढे मोठी जागा मोकळी झाली होती. पुढे गेलो असतो तर भिंत संपून गोडाऊन आडवं आलं असतं. आमच्या ड्रायव्हरने खाली उतरून मागच्याला हाताने खूण केली. एक जोड-ट्रॉली आम्हाला वळसा घालून पुढे गेली. मग दुसरी. मग तिसरी.

‘‘नंबर गेला की तुमचा,’’ मी म्हणाले. रांगेतला नंबर गेला की गाडी कधी रिकामी होईल याचा भरवसा नसतो, आणि गाडी परत येईपर्यंत टोळी खोळंबते.

‘‘जाऊ द्या,’’ गेटवर ज्याचा दंड धरला होता तो माणूस म्हणाला. तो त्या मुलीचा बापही नव्हता, चुलताही नव्हता. टोळीतला होता. ‘‘ऊस काय पळून जातोय?’’

कुणी त्याला विरोध केला नाही. चौथी गाडी पुढे गेली तेव्हा तिचा ड्रायव्हर मान वाकडी करून मैदानाकडे बघत गेला.

शेवटची दहा मिनिटं आमच्या गावच्या मुलींनी त्या गोलवर नुसता भडिमार केला. एक फटका गोलकीपरने पोटाशी धरला. एक बोटांनी वरून काढला. आईने माझं मनगट धरलं होतं. कोयत्याने घट्टे पडलेला तो हात इतका आवळला गेला की मला माझी बोटं जाणवेनात, पण तिच्या तोंडून आवाज नाही. मग कॉर्नरवरून आलेला बॉल गर्दीतून कुणाच्या तरी गुडघ्याला लागला आणि आत गेला. मैदान उसळलं. जाकिटवाल्यांना कुणी जुमानलं नाही. उसावर सगळे गप्प.

मुलीने जाळीतून बॉल काढला. मला वाटलं, आता ती वर बघेल. ती बघणार नाही, हे आईला माहीत होतं. मुलीने बॉल मधल्या वर्तुळाकडे फेकला, दोन्ही हात पसरले आणि पुन्हा जागेवर उभी राहिली. त्यानंतर आणखी दोन फटके आले आणि तिने ते दोन्ही अडवले.

एका गोलने वसतिगृहाच्या मुली हरल्या. शेवटची शिट्टी झाली आणि मग उसावरून जी आरोळी उठली, तिने खाली पाहुण्यांच्या माना वळल्या. म्हातारी दोन्ही हातांनी मोळ्या बडवत होती. आई मात्र उभी राहिली, पदर सारखा केला आणि मला म्हणाली, ‘‘बघितली, बाई.’’ डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा हसरा होता.

ट्रॅक्टर सुरू झाला होता, त्यांना उतरायला वेळ नव्हता. मी घसरत खाली आले आणि धावत मैदानात गेले. मुलगी भिंतीपाशी उभी राहून, मान वर करून ओरडत होती. आई वरून विचारत होती, ‘‘जेवलीस का? हाताला लागलं का?’’ आणि ती ‘‘व्हय’’ नि ‘‘न्हाई’’ म्हणत होती. ट्रॉली हलली. गोडाऊनच्या मागे शेवटचा शर्ट दिसेनासा होईपर्यंत तिने हात खाली केला नाही.

ती वळली तेव्हा मी तिथेच होते. मी तिला सगळं सांगितलं. पास मी चुकीच्या ठिकाणी पाठवले. गेटवर तुझ्या माणसांना ढकललं, तेही माझ्याच नियमाने. आणि मी विचारायला गेले म्हणून तुझ्या आईची सुरुवातीची पंधरा मिनिटं गेली.

तिने सुतळी सोडून मोजे काढले. आतून तळवे लालबुंद झाले होते.

‘‘तेवढ्या वेळात बॉल माझ्याकडं आलाच नव्हता, मॅडम,’’ ती म्हणाली. ‘‘आईनं समदं बघितलं.’’

आणि ती आपल्या संघाच्या रांगेत जाऊन उभी राहिली.