टाकी गळते ती गाडीतच

गळकी टाकी घेऊन आलेल्या माणसाला तय्यब बसायला सांगत नाही. काउंटरवर पांढरा टिश्यू पेपर पसरतो, त्यावर ती ई-सिगारेट उभी ठेवतो आणि म्हणतो, "दहा मिनिटं हात लावायचा नाही." मग तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

टाकी म्हणजे अंगठ्याएवढी काचेची नळी. आत पुदिन्याच्या नाहीतर आंब्याच्या वासाचं लिक्विड, तळाशी कापसात गुंडाळलेली तार, जिला कॉइल म्हणतात, आणि काचेच्या दोन्ही टोकांना रबरी रिंगा. दहा मिनिटांनी टिश्यूच्या मधोमध डाग पडला असेल तर कॉइल भिजून ओसंडली आहे. कडेनं गोल डाग उमटला असेल तर रिंग गेली. टिश्यू कोरडा राहिला तर गिऱ्हाईक खोटं बोलतंय, बहुतेक वेळा ऑगस्टच्या उन्हात गाडीत ठेवून विसरल्याबद्दल. पहिल्या दोन गोष्टी तय्यब कार्डावर लिहून देतो. तिसरी तो मोठ्यानं सांगतो.

शारजातल्या अल मजाजमधलं हे दुकान मुझम्मिलचं. तो म्हसळ्याचा, तय्यबपेक्षा अकरा वर्षांनी लहान, दुकानं तीन. तय्यब दापोलीकडचा, वय सत्तेचाळीस. बाविसाव्या वर्षी आला, एकोणीस वर्षं मोबाईल दुरुस्त केले. ई-सिगारेटची विक्री कायदेशीर झाली तसा या काउंटरवर आला. तो स्वतः ओढत नाही. ओढणाऱ्यांबद्दल त्याला आदरही नाही, आणि हे लपवायची गरज त्याला कधी वाटली नाही.

"हात चांगला आहे, तोंड वाईट आहे," असं मुझम्मिल त्याच्याबद्दल त्याच्यासमोरच सांगतो. वर्षभरात तोंडाच्या दोन तक्रारी झाल्या होत्या. एका इजिप्शियन माणसाला तो म्हणाला होता, वाचता येत नसेल तर बाटलीवरचं चित्र बघ. एका केरळी नर्सला म्हणाला होता, तुम्ही टाकी भरत नाही, आंघोळ घालता. दुसऱ्या तक्रारीनंतर मुझम्मिलनं सांगून टाकलं, "तय्यबभाय, आता तिसरी आली तर अल ऐनच्या दुकानात. मला मग काही बोलू नका."

अल ऐन म्हणजे शारजापासून गाडीनं पावणेदोन तास. तय्यबकडे गाडी नाही. रोड टेस्टमध्ये तीनदा नापास झाल्यावर त्यानं लायसन्सचा नाद सोडला. बायको सायरा अल मजाजमधल्याच एका नर्सरीत शिकवते, मुलगी इन्शा दहावीत. दोघी हलणार नव्हत्या. तिसरी तक्रार म्हणजे आठवड्यातून एक दिवस घर, हा हिशोब त्या घरात तिघांनाही माहीत होता.

रामेश्वर पहिल्यांदा आला तो रविवारी संध्याकाळी. पंचावन्नच्या आसपास वय, मूळ पुण्याचा, दुबईत पंपांच्या कंपनीत सीनियर इंजिनिअर, राहायला खाडीसमोरच्या टॉवरमध्ये. सुरुवात हिंदीत झाली. कार्डावरचं तय्यबचं कोकणी आडनाव वाचून तो मराठीवर आला.

"पंधरा दिवसांपूर्वी नेली. एकशे चाळीस दिरहम, म्हणजे सव्वातीन हजार रुपये. आणि नळासारखी गळतेय."

"गाडीत ठेवता?"

"खिशात ठेवतो."

"भरताना खालची हवेची भोकं बंद करता?"

"मी बत्तीस वर्षं सील्सवर काम केलंय. मला भोकं शिकवू नका."

दुकानातला एसी नुकताच बिघडून दुरुस्त झाला होता, आत अजून उकडत होतं. टिश्यूवर कडेनं गोल डाग आला. तय्यबनं दोन्ही रिंगा बदलल्या, कार्ड लिहिलं, पैसे घेतले नाहीत. रामेश्वर 'थँक यू' न म्हणता गेला. तय्यबला ते चाललं, तोही कुणाला म्हणत नाही.

मंगळवारी तो परत आला. शर्टाच्या खिशावर हिरवट डाग होता.

"ऑफिसात एक थेंब नाही. गाडीत बसलो की अर्ध्या तासात खिसा ओला. हे काय आहे?"

तय्यबनं टिश्यू पसरला. एसी आता नीट चालू होता, दुकानात वीस अंश. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. टिश्यू कोरडा.

"गळत नाही."

"मग हा डाग काय मी रंगवला?"

"गाडीत डॅशबोर्डवर ठेवली असेल. गरम झाली की लिक्विड पातळ होतं, आतली हवा फुगते, बाहेर ढकलते. मी रविवारीच विचारलं होतं."

"आणि मी सांगितलं, खिशात ठेवतो."

"तसं सगळेच सांगतात."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

तय्यबनं टिश्यू उचलून त्याच्यासमोर धरला. "मी कशाला बोलू, साहेब? हा बोलतोय. खोटं."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. रामेश्वरनं भिंतीवरचा मालकाचा नंबर तिथंच उभा राहून फिरवला.

मुझम्मिलचा फोन घरी आला तेव्हा सायरा जेवण वाढत होती. "ही अजून तक्रार धरत नाही," मुझम्मिल म्हणाला. "माणूस तापलेला आहे, लेखी काही दिलेलं नाही. परत आला की नीट बोला. नीट म्हणजे नीट."

सायरानं सगळं ऐकलं. "तुला ठाऊक तरी आहे का तो खोटं बोलत होता ते?"

"टिश्यू कोरडा होता."

"टिश्यूला पगार देतो का मुझम्मिल?"

इन्शानं फोनमधून डोकं वर काढलं नाही. "जस्ट बी नाइस, अब्बा. इट्स नॉट दॅट डीप."

गुरुवारी संध्याकाळी रामेश्वर बायकोला घेऊन आला. आणलं असं नाही. दोघं कुणाकडे तरी जेवायला निघाली होती आणि नव्या कुर्त्याचा खिसा गाडीत बसताबसता भिजला, म्हणून अनुराधाबाई स्वतःच उतरून दुकानात आल्या. टाकी त्यांनीच काउंटरवर आपटली.

"हे घरात ओढतात, मी बोलत नाही. पण आज तिसरा कपडा गेला. तुम्हाला दुरुस्त करता येत नसेल तर तसं सांगा, मी कचऱ्यात टाकते."

"मॅडम, बघतो," तय्यब म्हणाला. त्याच्या हिशोबानं हे नीट बोलणं होतं.

टिश्यू पुन्हा कोरडा निघाला. रामेश्वर हाताची घडी घालून बघत राहिला. तय्यबनं अनुराधाबाईंकडून तो ओला रुमाल मागून घेतला, ज्यानं त्यांनी खिसा पुसला होता, आणि नाकाला लावला. पुदिना. त्याच्या खाली आणखी एक वास होता.

तय्यबच्या वडिलांचा खोबरेलाचा घाणा होता. बाराव्या वर्षापर्यंत त्याच्या शाळेच्या कपड्यांना, वह्यांना, भाकरीच्या फडक्याला तोच वास येई आणि वर्गात त्याला 'तेल्या' म्हणत. शारजात आल्यापासून त्यानं डोक्याला तेल लावलेलं नाही. सायराची बाटलीही तो घरात कपाटाबाहेर राहू देत नाही.

त्यानं टाकी उघडून खालची रिंग चिमट्यानं काढली. चार दिवसांपूर्वी बसवलेली रिंग फुगली होती, परत खाचेत बसवली तर एका बाजूनं वर येत होती. ती त्यानं बशीत ठेवली आणि मागच्या छोट्या फ्रिजमध्ये, स्वतःच्या डब्याशेजारी, सरकवली. दुसऱ्या बाजूची रिंग तशीच ठेवून, खाली जुन्या डब्यातली सुटी रिंग लावून टाकी पुन्हा जोडली आणि शोकेसच्या हॅलोजन दिव्याखाली नव्या टिश्यूवर आडवी ठेवली. टाकी हाताला गाडीतल्यासारखी तापली तशी वरच्या टोकाकडून लिक्विड झिरपलं. टिश्यूवर डाग पडला.

"गळतेय," अनुराधाबाई म्हणाल्या.

"गळतेय," तय्यब म्हणाला.

रामेश्वरनं फक्त मान वर केली.

तय्यबनं फ्रिजमधली बशी आणली. रिंगेवर पांढरा, मेणासारखा थर जमला होता. त्यानं नखानं खरवडून दाखवला.

"खोबरेल. वीस अंशांत गोठतं आणि फट बुजवतं. ऑफिसात गोठलेलं, इथं गोठलेलं. गाडीत वितळतं, आणि फुगलेली रिंग सुटते. कुणी लावलं?"

रामेश्वर कुर्त्याचा ओला खिसा चिमटीत धरून बघायला लागला.

"कुणी लावलं, साहेब?"

"कोरडी रिंग बसवत नाहीत," रामेश्वर म्हणाला. "ती फाटते. कुठल्याही पंपवाल्याला विचारा. लुब्रिकेशन लागतं."

"खोबरेलाचं?"

"घरी रिंगा काढून थोडंसं लावलं होतं. कुकरच्या रिंगला आमच्याकडे कायम लावतात."

अनुराधाबाई आधी नवऱ्याकडे बघत राहिल्या, मग हसायला लागल्या. "म्हणून बाथरूममधली बाटली तुमच्या लॅपटॉपच्या बॅगेत! मी म्हणते, या माणसाच्या डोक्यावर केस नाहीत आणि तेल संपतंय कसं!"

काउंटरजवळचा एक माणूसही हसला. त्याला मराठी येत नव्हतं, पण टक्कल आणि बाई दोन्ही दिसत होती.

"बत्तीस वर्षं सील्स," तय्यब म्हणाला. "तुमच्या कंपनीचे पंप कुठल्या तेलात तळतात? आणि हे तेल वाफेबरोबर छातीत जातंय. खोकला आला तर माझ्याकडे येऊ नका, डॉक्टरकडे जा."

प्रकरण इथं थांबलं असतं तर तय्यब आज अल मजाजमध्ये असता.

"झालं तुझं बोलून?" रामेश्वर म्हणाला. आतापर्यंतचा 'तुम्ही' गेला होता. "तेल मी लावलं. चूक माझी. पण मंगळवारी गळत होती की नव्हती?"

तय्यबनं शोकेसचा दिवा बंद केला.

"मी सांगितलं ऑफिसात गळत नाही, गाडीत गळते. खिशात ठेवतो म्हणालो. यातलं काय खोटं होतं? चार लोकांत मला खोटारडा म्हणालास."

"तेल लावलेलं सांगितलं नाही."

"तू विचारलंस?"

विचारलं नव्हतं. तय्यबच्या प्रश्नांच्या यादीत गाडी होती, भोकं होती, लिक्विड होतं, ओढण्याचा जोर होता. तेल नव्हतं. आणि वीस अंशांच्या दुकानातला टिश्यू गाडीबद्दल काही सांगू शकत नाही, हे त्याला दिव्याखाली डाग पडला त्या क्षणीच कळलं होतं.

"मला सॉरी पाहिजे," रामेश्वर म्हणाला. "टाकी नको, पैसे नको. मंगळवारी जेवढ्या मोठ्यानं बोललास तेवढ्या मोठ्यानं."

"अहो, चला आता, उशीर होतोय," अनुराधाबाई म्हणाल्या. तो हलला नाही. त्यानं मुझम्मिलला फोन लावून स्पीकरवर टाकला आणि काउंटरवर, टिश्यूशेजारी ठेवला.

मुझम्मिलनं दोन्ही बाजू ऐकल्या. तेलाचं ऐकून तोही हसला, मग आवरला. "तय्यबभाय, साहेबांची टाकी खरंच गळत होती ना? मग तेवढ्यापुरतं म्हणा. मंगळवारी चुकलं. खलास. यल्ला, आटपा."

तय्यबनं बशीतली रिंग कचऱ्यात टाकली, बशी पुसली, चिमटा जागेवर ठेवला. फोनमधून मुझम्मिलच्या गाडीचं इंडिकेटर टिकटिकताना ऐकू येत होतं.

"नवी टाकी देतो," तो म्हणाला. "माझ्या पगारातून."

"टाकी नाही मागितली त्यांनी, तय्यबभाय."

"दुसरं माझ्याकडे काही नाही."

रामेश्वरनं फोन उचलला. "उद्या लेखी पाठवतो," तो मुझम्मिलला म्हणाला, आणि पाठवलं. तक्रारीत खोबरेलाचा उल्लेख नव्हता. मुझम्मिलनं ती तय्यबला पूर्ण वाचून दाखवली. तय्यबला त्यात एकही खोटं वाक्य सापडलं नाही.

पहिल्या तारखेपासून तो अल ऐनला आहे. दुकानाच्या मागे खोली, खोलीत पलंग आणि फ्रिज. गिऱ्हाइकं गाडीतून उतरतात, काम झालं की गाडीत बसून जातात. चालत कुणी येत नाही. मंगळवारी त्याची सुट्टी. सोमवारी दुकान बंद झालं की दोन बस बदलून तो शारजाला पोचतो तेव्हा इन्शा झोपलेली असते, आणि सकाळी तो उठेपर्यंत शाळेत गेलेली असते. दुपारी ती येते. चार तास मिळतात, त्यातले दोन ट्यूशनचे.

"एक फोन कर त्या माणसाला," सायरा दर मंगळवारी म्हणते. "मुझम्मिल परत घ्यायला तयार आहे. मला स्वतः म्हणाला."

"खोबरेल होतं, सायरा."

"खोबरेल होतं, कबूल. आणि टाकी गळत होती. दोन्ही खरं आहे. तुला एकच बोलता येतं."

"इट्स वन वर्ड, अब्बा," इन्शा म्हणते.

रामेश्वरचा नंबर तय्यबकडे आहे. दुरुस्तीच्या कार्डाची आपली प्रत त्यानं पाकिटात घडी करून ठेवली आहे. ती सायरानं पाहिली आहे आणि पाहिल्याचं सांगितलेलं नाही.

अल ऐनच्या काउंटरवर त्यानं एक टेबललॅम्प आणून ठेवला आहे, स्वतःच्या पैशानं. टिश्यू आता दोनदा पसरला जातो, एकदा एसीत, एकदा दिव्याखाली. प्रश्नांच्या यादीत एक प्रश्न वाढला आहे, आणि तो पठाण ड्रायव्हरला, फिलिपिनो नर्सला, विद्यापीठातल्या पोरांना, सगळ्यांना विचारतो, "तेल लावता का?" ते त्याच्याकडे वेड्यासारखे बघतात.

दिव्याखालचा टिश्यूही कोरडा निघाला तर तो उचलून गिऱ्हाइकासमोर धरतो. पूर्वी अशा वेळी तो एक शब्द बोलायचा, 'खोटं'. आता तो टिश्यू नुसता धरून ठेवतो, गिऱ्हाईक स्वतःहून 'गाडीत होती' म्हणेपर्यंत. बरेच जण म्हणतात. म्हणाले की तय्यब मान डोलावतो आणि कार्डावर लिहितो. त्यांच्याकडून एवढं ऐकून घ्यायला त्याला कितीही वेळ असतो.