आलटूनपालटून मैत्री

जेवणाच्या हॉलच्या एका टोकाला चिनी मुलं, दुसऱ्या टोकाला अमेरिकन, आणि मध्ये कोणी हात न लावलेला उकडलेल्या बटाट्यांचा डोंगर. आमचा डायरेक्टर डेक्लन दारातूनच म्हणाला, "हे मिसळत का नाहीत?"

आयर्लंडमधल्या लिमरिकच्या एका कॉलेजात मी तेव्हा प्रोग्रॅम को-ऑर्डिनेटर होते. म्हणजे इतरांनी भाषणात जाहीर केलेलं प्रत्यक्षात घडवून आणणारी बाई. दोन्ही देशांच्या मुलांचं उन्हाळी 'कल्चरल एक्स्चेंज' आमच्याकडे होतं, इंग्रजी आणि स्टॅटिस्टिक्सच्या तासांसकट. मंदीचे दिवस. शुक्रवारी अमेरिकेहून प्रायोजक संस्थेच्या बाई पाहणीला येणार होत्या. त्या खूश झाल्या तर माझं कॉन्ट्रॅक्ट पुढे, नाहीतर मी घरी.

डेक्लनने 'बडी सिस्टिम' काढली. मैत्री कोणाशी करायची हे ऑफिसने ठरवायचं, त्याला बडी सिस्टिम म्हणतात. आम्ही मुलांना आलटूनपालटून बसवलं. अमेरिकन मुलांनी भावना शेअर केल्या. चिनी मुलांनी तालीम करून बसवलेला पंख्यांचा नाच केला. डेक्लन 'संस्कृतींमधला पूल' या विषयावर बोलला. गावातल्या शॅनन नदीवरचा खरा पूल त्याहून लवकर ओलांडून होतो, ट्रॅफिक धरून. भाषण संपलं आणि सगळे आपापल्या टोकाला गेले.

शुक्रवारी दुपारी हॉस्टेलच्या किचनवरून जाताना मी थबकले. प्रत्येक टेबलाशी दोन्हीकडची मुलं, डोक्याला डोकं लावून. कोणी न सांगता. मी धावत जाऊन डेक्लनला आणि पाहुण्या बाईंना घेऊन आले.

बाई केविन नावाच्या मुलाशेजारी बसल्या. "काय लिहितोयस?"

"मेईचा निबंध. 'माझं बालपण'."

"तिचं बालपण तू लिहितोस?"

"ती माझं स्टॅटिस्टिक्स करतेय ना."

समोर बसलेल्या मेईने मान वर न करता दुरुस्ती केली, "तुझं झालं. हे तुझ्या रूममेटचं."

"पण तुला तिच्या बालपणातलं काय माहीत?" बाईंनी विचारलं.

"सगळं. विचारावंच लागतं. तिचे आजोबा सायकली दुरुस्त करायचे. हिला ब्रेक लावता यायचे नाहीत, म्हणून भिंतीवर आपटून थांबायची."

"एकदाच," मेई म्हणाली.

कोपऱ्यातल्या किटलीला उकळी आली. माझं कॉन्ट्रॅक्ट तिच्या वाफेबरोबर वर जाताना मला दिसत होतं.

डेक्लन खाकरला. "आम्ही याला पिअर लर्निंग म्हणतो. मुलांनीच मुलांना शिकवायचं."

बाईंनी क्षणभर विचार केला. बहुधा परतल्यावर द्यायच्या रिपोर्टचा. "आमच्या ट्रस्टींना हेच हवंय. फोटो काढता येईल?"

"ग्रँड," डेक्लन म्हणाला. आयरिश माणूस असं म्हणतो तेव्हा बऱ्याचदा त्याचा अर्थ 'वाचलो' असा असतो.

फोटो ब्रोशरवर छापला गेला. माझं कॉन्ट्रॅक्ट वाढलं. पुढच्या उन्हाळ्यात डेक्लनने पिअर लर्निंगचा रीतसर तास ठेवला. बुधवारी दुपारी, हजेरी सक्तीची, देखरेखीला मी.

पहिल्याच बुधवारी चिनी मुलं एका टोकाला बसली, अमेरिकन दुसऱ्या.

एखादी गोष्ट बंद पाडायची असेल तर तिच्यावर बंदी घालू नये. तिला टाइमटेबलमध्ये जागा द्यावी.