काकांनी कानाने निवडलेली सिस्टीम

आमचे काका मुद्रितशोधक. उभी हयात लोकांच्या चुका काढण्यात गेली आणि ती खोड घरीही सुटली नाही. औषधाच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा ते पेन्सिल घेऊन वाचतात. डॉक्टरांनी सांगितलं, नजर हळूहळू जाणार, थांबवता येणार नाही. काका घरी आले, शांतपणे हातपाय धुतले आणि म्हणाले, "काम सोडणार नाही. आणि कुणाच्या जिवावर करणारही नाही."

त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायचं ठरलं, म्हणजे लॅपटॉप चालवणारी सिस्टीमच बदलायची. ते खुलं, फुकट, आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा आवाज त्यात आयता मिळतो. पण त्याच्या तऱ्हा इतक्या, की निवडता निवडता माणूस मेटाकुटीला यावा. मी हौसेने त्यातली सगळ्यात देखणी तऱ्हा लॅपटॉपवर टाकली, अक्षरं मोठी केली, आवाज सुरू केला.

काका ज्या छापखान्यात कामाला होते, त्याच छापखान्यात काकू पूर्वी वाचक होती. ती हस्तलिखित मोठ्याने वाचायची, स्वल्पविरामासकट, आणि काका समोर बसून प्रूफ तपासायचे. त्यातूनच दोघांचं जमलं. तिने नव्या आवाजाची कसून परीक्षा घेतली.

"अहो, विरामचिन्हं गिळतेय ही," ती म्हणाली. "सवत आणलीत, तर नीट शिकवा तरी."

काकांनी हसत सेटिंग बदललं आणि प्रत्येक चिन्ह म्हणायला लावलं.

पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले, तर माझी सिस्टीम गायब. काकांनी सगळं पुसून दुसरीच टाकली होती, अगदी रूक्ष दिसणारी. माझं डोकं फिरलं.

"काय वाईट होतं तिच्यात? एवढी राबले मी."

"छान होती की. पण तिचा आवाज तू सुरू केलास, पडद्यावर बघून. ही टाकतानाच बोलते. एक कळ दाबायची, की पहिल्या प्रश्नापासून वाचून दाखवते."

"डोळ्यांवर रुमाल बांधून बसले होते," काकू म्हणाली. "एकदा भलतीच कळ दाबली, पुन्हा सगळं पहिल्यापासून. पण मला हात लावू दिला नाही."

"उद्या बिघडली तर मी आले नसते का, काका?"

"आली असतीस गं. दर वेळी आली असतीस. म्हणूनच."

मला वाईट वाटलं. मग स्वतःचीच चीड आली, कारण मी सिस्टीम निवडली ती माझ्या डोळ्यांनी.

काका लॅपटॉपवर प्रूफ उघडून बसले. आवाज वाचत होता, काका मध्येच थांबवून मागे जात होते, चूक दुरुस्त करत होते. काकू कपड्यांच्या घड्या घालता घालता कान देऊन ऐकत होती. संध्याकाळ झाली. काकांनी पडद्याचा उजेड पार घालवलेला, त्यामुळे खोलीत दिसेनासं झालं. मी उठले.

"काका, दिवा लावू?"

"तुला हवा असेल तर लाव," ते म्हणाले आणि पुढची ओळ ऐकू लागले.