झाकणं की बुचं

तिचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. बाकी सगळ्यांच्या तोंडी ती कानताई. पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करणाऱ्या त्या कचेरीत वाचणारे बरेच होते, पण वाचलेलं तपासणारे पाचच, आणि त्या पाचांत शेवटचा शब्द कानताईचा. समोर छापील पान, कानावर हेडफोन, हातात तांबडी पेन्सिल. वाचणाऱ्याने एखादा ‘आणि’ खाल्ला की खूण, खुर्ची कुरकुरली की खूण. एकदा तर तिने वहीत लिहिलं होतं, ‘एकतीस मिनिटं चार सेकंद, वाचकाचं पोट.’ तो बिचारा ओशाळून म्हणाला, उपाशीच आलो होतो हो. कान असा तिखट, की तिच्याबद्दल काही बोलायचं तर लोक जिना उतरून जात.

तपासून झालं की ती वहीत एकच शब्द लिही, ‘स्वच्छ’, आणि त्याखाली सही करी. बावीस वर्षं हेच. तिचं ‘स्वच्छ’ पडलं की पुढे कुणी ऐकायच्या भानगडीत पडत नसे. बाईचा सगळा मान म्हणा, ऐट म्हणा, त्या एका शब्दावर उभी होती. आणि का नसावी? दुसरं काय होतं तिच्याकडे दाखवायला!

तर झालं असं, की कचेरीतले जुने हेडफोन एकेक करून मान टाकायला लागले. कुणाची डावी बाजू मुकी, कुणाच्या गाद्यांचा भुगा गालाला चिकटलेला. साहेबांनी फर्मान काढलं, पाचही जणांना नवे आणि एकसारखे घ्यायचे. पूर्ण कान झाकणारे मोठे घ्यायचे की कानात घालायचे बारके, ते कानताई ठरवेल, शुक्रवारपर्यंत. दुकानदाराने सोमवारी दोन्हींचा एकेक नमुना पाठवून दिला. कचेरीने त्यांना लगेच नावं पाडली. मोठे ते झाकणं, बारके ती बुचं.

कानताईने आधी झाकणं चढवली. मऊ होती, पण चष्म्याच्या काड्या कानशिलात रुतत होत्या, आणि डोक्यावरच्या पंख्याची घरघर फटीतून आत शिरत होती. मग बुचं घातली. अहो, दार लावून घेतल्यासारखं झालं! पंखा गेला, रस्ता गेला, शेजारची खोकणारी बाई गेली. उरला फक्त वाचणारा. त्याची जीभ कुठे कोरडी पडली, ओठ कधी सुटले, सगळं लख्ख. झाकणांत निसटलेले दोन टकटक आवाज बुचांनी अचूक पकडून दिले. कानताई खूश झाली.

मग तिला ती शिट्टी ऐकू आली.

बारीक, वरच्या पट्टीतली, न थांबणारी. वाचणारा बोलत असला की दबे, थांबला की पुढे येई. तिने पेन्सिल उचलली आणि चौदा ठिकाणी मिनिट-सेकंदासह नोंद केली, ‘शिट्टी, बारीक, सलग.’ फाइल परत माईकवाल्याकडे.

माईकवाला म्हणजे रेकॉर्डिंगच्या खोलीतला माणूस. पोट सुटलेला, शांत, तिच्याबरोबर पंधरा वर्षं काढलेला. त्याने ऐकलं आणि म्हणाला, “ताई, मला तर काही नाही ऐकू येत.”

“तुम्हाला कधी ऐकू येतं?” कानताई म्हणाली. “दिवा बघा तुमचा. गुणगुणत असेल.”

त्याने दिवा बदलला. वाचायला येणारे निवृत्त मास्तर पुन्हा आले आणि अख्खं प्रकरण पुन्हा वाचून गेले. शिट्टी तशीच. माईकवाल्याने वायर बदलली, थंड हवेचं यंत्र बंद केलं, मास्तर घामाने निथळत तिसऱ्यांदा वाचून गेले. शेवटी शेवटी त्यांचा घसा बसला होता. कानताईने घसा बसल्याचीही नोंद केली, वर शिट्टीची केलीच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. पण त्या वेळी तिला कोण सांगणार? तिच्या कानापुढे आपला कान पुढे करायची माईकवाल्याची छाती नव्हती.

गुरुवारी दुपारी तिचा संशय बुचांवर गेला. झाकणांत शिट्टी कमी येत होती, बुचांत जास्त. म्हणजे नमुनाच सदोष, दुसरं काय! पुरावा हवा म्हणून तिने फाइल बंद केली आणि वायर यंत्रातून उपटली. शिट्टी चालूच. वायर हातात लोंबतेय आणि शिट्टी चालू! तिने उजवं बूच काढलं, मग डावं काढलं. पंखा, रस्ता, खोकला सगळं परत आलं, आणि त्या सगळ्याच्या मागे, अगदी बारीक, ती होतीच. तिने दोन्ही कानांत बोटं घातली. शिट्टी मोठी झाली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! पण तिला हसू आलं नाही. मास्तरांचा निथळणारा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर आला आणि ती वहीवरच्या त्या चौदा नोंदींकडे नुसती बघत राहिली.

संध्याकाळी ती कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी तिला एका बंद खोपटात बसवलं, कानांवर झाकणं चढवली आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा. जन्मभर हेच केलेल्या बाईला काय कठीण! पण एका पट्टीनंतर ती नुसतीच वाट बघत बसली. काचेपलीकडे डॉक्टरीणबाईंचा हात हलत होता, म्हणजे त्या आवाज देत होत्या, आणि ह्या खोपटात शिट्टीशिवाय काही नव्हतं.

“वरच्या पट्टीतलं थोडं गेलंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “बोललेलं सगळं उत्तम ऐकू येतं. शिट्टीला मात्र औषध नाही. ती राहील. शांततेत जास्त जाणवेल, म्हणून खोलीत पंखा वगैरे चालू ठेवा. सवय होते हळूहळू.”

“माझं कामच शांतता ऐकण्याचं आहे,” कानताई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंना ते नीटसं कळलं नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

घरी नवरा शिलाई मशीन उघडून बसला होता. मशिनी दुरुस्त करणं हा त्याचा धंदा आणि बडबड हा त्याचा स्वभाव. तिने सांगितलं तेव्हा आधी तो नेहमीसारखा म्हणाला, “बघ, नाचता येईना अंगण वाकडं! आणि इतके दिवस बिचाऱ्या त्या दिव्याला शिव्या.” मग त्याने तिचा चेहरा पाहिला. तेलाची कुपी हातात धरूनच जवळ आला आणि आपला कान तिच्या कानाला लावून उभा राहिला. श्वास रोखून, बराच वेळ. मशीन बिघडली की तो असाच कान लावी आणि कुठलं चाक घासतंय ते सांगे.

“मला नाही गं येत ऐकू,” तो म्हणाला.

“तुम्हाला कसं येणार?”

“नाही, म्हटलं बघावं.” त्याच्या हातात तेलाची कुपी तशीच होती. ती कुठे ठेवावी हे त्याला सुचेना. तेहतीस वर्षांच्या संसारात त्याने दुरुस्त न केलेली वस्तू घरात नव्हती.

शुक्रवारी साहेबांचा कागद टेबलावर आला. झाकणं की बुचं, कारण लिहा, सही करा. कानताईला रस्ता दिसत होता. झाकणं लिहिली की पंख्याची घरघर आत येणार, शिट्टी तिच्यात बुडणार आणि निवृत्तीपर्यंतची सहा वर्षं निघणार. चष्म्याचं कारण तर आयतंच होतं, कुणी दुसरा प्रश्नही विचारला नसता. पण झाकणांत ते दोन टकटक निसटले होते, हेही तिलाच माहीत होतं. खिडकीजवळ बसणाऱ्या दोघींच्या कानाशी दिवसभर रस्ता असे. त्यांना झाकणं देणं म्हणजे अर्धं पुस्तक रस्त्याला देणं. खरं सांगावं तर आपण मरतो, खोटं सांगावं तर काम मरतं. बाई तासभर पेन धरून बसली. रागही आला तिला, पण कुणावर काढणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

शेवटी तिने लिहिलं, ‘बुचं. आवाज जास्त खरा.’ आणि सही केली.

पुढच्या आठवड्यात पाच डब्या आल्या. मास्तरांचं प्रकरण अजून तिच्याच टेबलावर अडकून पडलं होतं. तिन्ही वेळचं रेकॉर्डिंग, तिन्हींवर तांबडी फुली. तिने बुचं घातली आणि पहिल्या वेळचं लावलं. सुरुवातीला रिवाजाप्रमाणे अर्धं मिनिट रिकाम्या खोलीचा आवाज होता, कुणी न बोलता घेतलेला. तिने डोळे मिटले. शिट्टी, नुसती शिट्टी. तिच्या मागे खोली होती की नव्हती, दिवा गुणगुणत होता की नव्हता, काही कळायला मार्ग नव्हता. तिने आवाज वाढवला, कमी केला, बुचं काढून पुसली, पुन्हा घातली. तीन वेळा ते अर्धं मिनिट ऐकलं.

मग ती उठली आणि माईकवाल्याच्या खोलीत गेली. तो उभा राहिला. कानताई स्वतः चालत आली म्हणजे काहीतरी मोठी चूक निघाली असणार, असंच त्याला वाटलं.

“हे ऐका,” ती म्हणाली. “शिट्टी आहे का?”

त्याने बुचं घातली आणि पूर्ण अर्धं मिनिट मान खाली घालून ऐकलं.

“नाही ताई,” तो हळूच म्हणाला. “पहिल्यापासून नव्हती.”

त्याला कळलं होतं. कधीपासून, ते तिने विचारलं नाही. तिने वही त्याच्याच टेबलावर ठेवली, फुली खोडली आणि ‘स्वच्छ’ लिहायला पेन टेकवलं. पेन तिथेच थांबलं.

“नक्की ना?” कानताईने विचारलं.