दाबलेला खोकला

"छातीत रक्त साठलंय," डॉक्टर म्हणाले. एक्स-रे उजेडाला धरून त्यांनी दाखवला. मला नुसतं पांढरं धुकं दिसलं. ह्याला हिमोथोरॅक्स म्हणतात. बरगड्या मोडतात, आत रक्त वाहतं आणि फुप्फुस दबतं.

भडगावजवळ केळी भरताना ट्रकचा मागचा फाळका निसटून ह्यांच्या छातीवर आदळला होता. ह्यांना जळगावला आणलं. दिवस कोरोनाचे होते.

डॉक्टरांनी विचारलं, "आधी सर्दी, खोकला, ताप?"

मला परक्या माणसासमोर बोलता येत नाही. खोटं मात्र पटकन बोलले. "काही नाही."

खरं तर तीन दिवस खोकला होता. पण आमच्या गल्लीतले आबा खोकल्यामुळे कोरोनाच्या वॉर्डात गेले, ते परत दिसलेच नाहीत. तिथं दाराआड माणसाचं काय करतात, कोणाला ठाऊक? ह्यांनाही नेतील, ही धास्ती होती.

बरगड्यांमधून नळी घातली, चेस्ट ट्यूब. डब्यात रक्त येऊ लागलं. ह्यांना उबळ आली की मी तोंडावर पदर धरायची. "दाबा. कोणी ऐकेल."

"माले खोकू दे वं, दम कोंडी राहिना," हे म्हणाले. श्वास कोंडतोय म्हणत होते, तरी मी ऐकलं नाही.

दुपारपर्यंत रक्त थांबेना. तातडीनं छाती उघडावी लागणार होती. सिस्टरनं कोरोनाच्या तपासणीसाठी ह्यांच्या नाकात काडी फिरवली, तेव्हा मी तिच्या हातांवरून नजर काढली नाही. काडी बदलली तर?

मग भूल देणारे डॉक्टर आले. ऑक्सिजनचा कमी आकडा आणि एक्स-रे बघून त्यांना माझाच संशय आला.

"ताई, मार न लागलेलं फुप्फुसही खराब दिसतंय. खरं सांगा. ऑपरेशन थांबवणार नाही, पण भूल देताना मला माहीत हवं."

"तीन दिवस खोकताहेत. मीच दाबायला लावला."

ते रागावले नाहीत. "कफ आत साचला," एवढंच म्हणाले.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. तरी ह्यांना आत घेतलं. रक्त थांबलं. पण विषाणूनं सुजलेली फुप्फुसं, त्यात मार. व्हेंटिलेटर, म्हणजे श्वास देणारं मशीन, पाच दिवस निघालं नाही. मी बाहेर बाकावर. ते डॉक्टर रोज येऊन सांगून जात. मास्कमुळे त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नाही. नमस्कार मात्र रोज त्यांना करते.

माझा संशयी स्वभाव गेलेला नाही. अजून रिपोर्टवरचं नाव दोनदा वाचते. हे लिहितेय ती वही कुणाला दाखवायची नाही. तरी कुणाच्या हाती लागलीच, तर डॉक्टरांच्या पहिल्या प्रश्नालाच खरं सांगा.

मशीन निघाल्यावर मला वॉर्डाच्या काचेबाहेर उभं राहू दिलं. आत सिस्टरनं ह्यांच्या छातीशी उशी धरली. "काका, उशी दाबा आणि खोका!" मग काचेशी येऊन मला म्हणाली, "मावशी, खोकला काय चोर होता, लपवायला? जितकं खोकतील तितके लवकर घरी येतील."

हे खोकेनात. काचेतून माझ्याकडेच बघत राहिले.

मी होकाराची मान हलवली. तेव्हा खोकले.