बहिरमचं लोणी

आणि मी जाऊच नका असं कधी म्हटलंच नव्हतं. मी एवढंच म्हणत होतो की मोटारीनं जा. अकोल्याहून सकाळी मोटार निघते, दुपारपर्यंत परतवाड्यात उतरवते. मग चार-पाच दिवस बैलांच्या शेपट्या पाहत जायची हौस कशाला? पण बाबाचं आपलं तेच, मागच्या सुटीतलं, त्याच्या मागच्या सुटीतलं.

"मोटारीतून रस्ता दिसत नाई."

"रस्ता पाहाले कोन जाते, बाबा? लोक डोंगर पाहाले जातात."

"तू पाह्य डोंगर. मी रस्ता पाह्यतो."

त्याचंही खोटं नव्हतं. बाबा बांधकाम खात्यात मैलकुली होता. म्हणजे सडकेचा एक मैल त्याच्याकडे. खड्डा पडला की बुजवायचा, पावसाचं पाणी कडेला काढून द्यायचं, दगडांना चुना लावायचा. अकोल्याहून दर्यापूरकडे जाणाऱ्या सडकेचा तो मैल त्यानं उभी हयात सांभाळला, पण ती सडक पुढं कुठं जाते ते पाहिलं नव्हतं. आता पेन्शनीत निघाल्यावर त्याला ती शेवटपर्यंत पाहायची होती. वाटेत मामाच्या गावात विहार बांधणं सुरू होतं, तिथं दोन दिवस हात लावायचा होता. मायला चिखलदरा पाहायचा होता, निदान ती तसं सांगत होती. आणि मी कोयनेच्या धरणावरून सुटी काढून आलो होतो, कारण मायनं निरोप धाडला होता, "पौषात येजो, तुयाबिगर जमत नाई." काय जमत नाही ते सांगितलं नव्हतं.

इथं बराकीत आपली वऱ्हाडातली बरीच पोरं आहेत. म्हाताऱ्यांना एकदा कुठंतरी फिरवून आणू असं दर सुटीच्या आधी बोलतात आणि सुटीत झोपा काढून परत येतात. त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा शुद्धलेखनाकडे पाहू नका, रस्त्याकडे पाहा.

गाडी चुलत्याची होती. दमणी, छपराची हलकी गाडी, दोन माणसं पाय पसरून बसतील एवढी. खाली कडबा, वर गोधड्या, ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, मिरच्या, तेलाची शिशी. आणि या सगळ्यावर बाबानं आपलं फावडं आणि घमेलं आणून ठेवलं.

"प्रवासाले फावडं?" मी म्हटलं.

"तू कंगवा घेतला ना? मंग."

पहिली गोष्ट लक्षात ठेवा, पाण्याची. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांचा मुलूख खारपाणपट्टा आहे. विहिरी भरलेल्या दिसतात, पण पाणी तोंडात धरवत नाही. चहासुद्धा खारट लागतो. अकोल्यातूनच गोड पाण्याची घागर भरून घ्या आणि तिच्यात कोणाला हात धुऊ देऊ नका. बाकी मुलूख पाहण्यासारखा. थंडीत काळी जमीन सकाळी वाफ सोडते, कपाशीच्या गाड्या एकामागं एक जिनिंगकडे जातात, आणि शेतात हुरडा चालू असला तर नुसतं रामराम केलं तरी बसवून घेतात. आम्हाला दोन ठिकाणी फुकट हुरडा मिळाला. एका ठिकाणी बाबानं त्याच्या बदल्यात बांधाजवळची नाली मोकळी करून दिली.

बाबाचा मैल आला तेव्हा तो खाली उतरून चालला. त्याच्या जागेवर आलेला नवा माणूस मुरूम टाकत होता. बाबानं मूठभर उचलून पाहिला.

"बारीक हाये."

"मोठा देत नाईत, बुवा."

"मंग पानी मारून धुमसानं ठोक चांगला. हे असं नाई."

झालं. दोघं मिळून चाकोरी बुजवायला लागले. मला एका जागी बसवत नाही. मी दमणीच्या पुढं अर्धा फर्लांग जायचो, परत यायचो, पुन्हा जायचो. शेवटी माय म्हणाली, "बैलायले चक्कर येईन. बस इथं. तुले एक सांगाचं हाये." आणि तिनं सांगितलं.

मी रांगत होतो तेव्हा मला ताप चढला, डोळे फिरले. त्या वेळी परतवाड्याच्या पुढं बहिरमची जत्रा भरली होती. हा टेकडीवरचा देव, लोक त्याला लोणी आणि शेंदूर थापतात. माय मला खांद्यावर टाकून तिथं गेली आणि टेकडीच्या पायथ्याशी बोलली, पोरगं जगू दे, याच्याच हातानं सव्वाशेर लोणी लावीन. मी जगलो. मग कधी लोण्याला पैसे नव्हते, कधी जायला फुरसत नव्हती. छपन्न साली आम्ही धम्म घेतला, घरातले देव नदीत सोडले. लोणी राहून गेलं.

"मंग आता कायचा नवस?" मी म्हटलं.

"नवस नसन. शब्द तं हाये."

"बाबाले सांगतलं?"

"तो काय म्हनन ते मले ठाऊक हाये, अन् मी काय म्हनन ते त्याले ठाऊक नाई. राहू दे."

मामाचं गाव दर्यापूरच्या अलीकडे, सडकेपासून आत. विहाराच्या भिंती छातीइतक्या झाल्या होत्या. गावातली माणसं दिवसा मजुरी करून आणि संध्याकाळी येऊन विटा रचत होती. आम्ही दोन दिवस राहिलो. बाबानं अंगण असं सपाट केलं की पाणी सांडलं तर कुठून वाहील ते तो बोटानं दाखवत होता. मी विटा वाहिल्या, मायनं गारा कालवला. दिवेलागणीला सगळे त्या बिनछपराच्या भिंतींत बसून वंदना म्हणायचे. माय मोठ्यानं म्हणते, पहिल्यापासून. मला मात्र दर वेळी मधली एक ओळ चुकते. जेवायला वांग्याची भाजी आणि गोवरीवर भाजलेले रोडगे. तुम्ही गेलात तर रोडगा तुपाशिवाय खाऊ नका, घशाखाली उतरत नाही.

निघताना मामीनं म्हशीच्या लोण्याचा गडवा दमणीत ठेवला आणि बाबासमोरच बोलून गेली, "बहिरमपर्यंत टिकते, थंडीच हाये."

बाबानं बैल जुंपायचं थांबवलं.

"बावीस प्रतिज्ञा घेतल्या तवा तू मायाच बाजूले उभी होती ना?"

"होती," माय म्हणाली. "त्यात खोटं नाई बोलनार अशी बी एक होती. रोज म्हनतो आपन. मी बोलली ते खोटं करू का?"

"जो देवच नाई त्याले देल्लेला शब्द?"

"तो नसन. मी तं होती."

बाबानं जू बैलांच्या मानेवर ठेवलं. "परतवाड्याच्या फाट्यावर दमणी चिखलदऱ्याकडं वळन. बहिरमकडं नाई."

"मी पायी जाईन. पोराले घेऊन."

"जाय."

मला कोणी विचारलं नाही. दर्यापूर गेलं, अंजनगाव आलं, दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत होते. "तुया बाबाले म्हन भाकर खा." "तुया मायले म्हन भूक नाई." अंजनगाव खरं तर दोन घटका थांबण्यासारखं आहे. विड्याच्या पानांचे मळे, आत शिरलं की एकदम गारवा, वरून हिरवा उजेड. मळेवाल्यानं मायला केळीचं पान दिलं, तिनं ते ओलं करून लोण्यावर झाकलं. बाबा त्या वेळी सडकेच्या पलीकडे तोंड करून बसला होता.

अंजनगाव मागं पडल्यावर सातपुड्याची रांग दिसायला लागते आणि कडेचे दगड नवे कोरे. दुपार कलली तेव्हा बाबानं एक दगड वाचला, परतवाडा आठ. बंड्या बैलाचा खांदा सोलला होता.

"आठ मैल. अंधार होईन. इथंच सोडू."

कडेला एक मोठं फाटक होतं, आत संत्र्याची झाडं, कौलारू खोल्या, विहीर. मी पाणी चाखलं. गोड. इतक्या दिवसांनी गोड पाणी तोंडात आलं की माणूस दुसरं काही पाहत नाही, म्हणून पाणी देणाऱ्या बाईचे हात मला नंतर दिसले. बोटं आखूड होती. ते महारोग्यांचं धाम होतं. मी लोटा खाली ठेवला.

बाईचं नाव सखूबाई. तिथलं स्वयंपाकघर तीच पाहायची. ती हसली. "लोक इथं बैल बी थांबवत नाईत. तुमी कशे थांबले?"

बाबानं माझा लोटा उचलला आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं. "आमाले बी लोक पानी वरून टाकत होते, बाई. आमाले इथं थांबाले कायची अडचन? परतवाडा लांब हाये, सकाळी जाऊ."

"लांब कुठं? पाच मैल बी नाई."

"दगडावर आठ हाये."

"ते किलोमीटर हायेत, बुवा. मागच्या उन्हायात रंगवले."

बाबा तडक सडकेवर गेला. मी मागं गेलो. तो दगडासमोर उभा होता. शेराचं किलो झालं तेव्हा त्यानं ऐकून घेतलं होतं, आण्याचे पैसे झाले तेव्हाही. पण दगड बदलेल हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. जन्मभर लोकांना सांगत आला होता, माणसाला विचारू नका, दगडाला विचारा.

"दगड खोटा नाई," तो आकड्यावरून बोट फिरवत म्हणाला. "माप बदललं."

सकाळी निघायचं होतं, पण बंड्याचा खांदा सुजला. बाबाला काम मिळालं. फाटकापासून आतपर्यंतच्या वाटेत इतक्या चाकोऱ्या होत्या की दवाखान्याची गाडी रुतायची. तो फावडं घेऊन तिकडं गेला. आत उन्हात ओळीनं माणसं पाय पाण्यात भिजवून बसली होती. सखूबाई मायला सांगत होती, आमच्या पायांना कळत नाही. भेग पडली, खडा रुतला, तरी दुखत नाही, म्हणून रोज डोळ्यांनी पाहावं लागतं, भिजवून तेल चोळावं लागतं. तेल आठवडाभर आलं नव्हतं. सखूबाईच्या टाचेच्या भेगेत करंगळी जाईल एवढी जागा होती.

माय तिच्या टाचेकडे पाहत राहिली. मग उठली, दमणीतून गडवा आणला, केळीचं पान बाजूला केलं आणि सखूबाईच्या पायाशी बसली.

सखूबाई पाय मागं ओढायला लागली. "अवं, हे खाचं लोनी हाये."

"खाचं नाई. लावाचं हाये." मग मायनं मला हाक मारली. "सुखदेव, इकडं ये. तुयाच हातानं बोलली होती."

मी जागचा हललो नाही. खरं सांगतो, मला भीती वाटत होती. धरणाच्या बोगद्यात सुरुंग फुटतो तेव्हा वाटत नाही एवढी. मागं फावडं वाजायचं थांबलं होतं. बाबा घमेलं घेऊन उभा होता, गडव्याकडे पाहत.

"हे बहिरमचं ना?" त्यानं विचारलं. चार दिवसांनी तो थेट तिच्याशी बोलला.

"व्हय."

"मंग आता त्याले काय देशीन?"

"काई नाई. शब्द तोच हाये, लावाची जागा बदलली." मायनं मान वर केली नाही. "तुमाले दगड बदलला तं चालते. मले नाई चालत?"

ओळीतला एक म्हातारा हसला. बाबा हसला नाही. त्यानं घमेलं ठेवलं, हात धुतले आणि त्या म्हाताऱ्याच्या पायाशी बसून गडव्याकडे हात पुढं केला. "दे."

मग मी बसलो. सखूबाईचा दुसरा पाय हातात घेतला. टाच दगडासारखी होती, थंड. लोणी लवकर मुरत नव्हतं. ती म्हणाली, "दाब जोरानं, मले काई दुखत नाई," आणि मी आणखी हळू चोळायला लागलो.

बैलाच्या खांद्याची सूज दोन दिवसांत उतरली, तरी आम्ही चार दिवस राहिलो. जायचं असेल तर आधी कळवावं लागत नाही. आपला शिधा न्या, तेल न्या, आणि चार वाजता सगळ्यांबरोबर चहाला बसा, त्याचं त्यांना फार वाटतं.

चिखलदराही राहून गेला नाही. दमणी परतवाड्याच्या धर्मशाळेत ठेवून आम्ही तिथून मोटारीनं गेलो. माणशी सव्वा रुपया, खिडकी धरायची तर लवकर जा. वर थंडी अशी की माय दोन लुगडी नेसली. कॉफीचे मळे पाहिले, तिथलीच कॉफी प्यालो. बाबा म्हणाला, "चहाच बरा." गाविलगडाच्या तटावरून माय खाली दरी पाहत उभीच राहिली, तेव्हा मी विचारलं, काय पाहून राहिली? म्हणाली, "काई नाई. एवढं मोकळं असते का कुठं." बाबानं दरी पाहिली नाही. तो घाटाच्या वळणावर थांबून विचारत होता, इथं मैलकुली कोण आहे, पावसात दरड कशी उचलता.

उतरून दमणीत बसलो. परतवाड्याच्या फाट्यावर बहिरमच्या जत्रेच्या गाड्यांची रांग लागली होती, छपरांना भगव्या पताका, आत बायका गात होत्या. बाबानं कासरा ओढला आणि मायकडे पाहिलं.

"जाचं का?"

माय त्या गाड्यांकडे पाहत होती. "गडवा रिकामा हाये," ती म्हणाली. "घरी चला."

मी तिथूनच अमरावतीची मोटार धरली. राजकमल चौकाजवळ गिला वडा खाल्ला, दह्यात बुडवलेला, वर लाल तिखट. बडनेऱ्याला रेल्वे, मग दोन दिवसांनी पुन्हा कोयना. इथं मुकादमानं विचारलं, काय पाहिलंस? मी सांगितलं, चिखलदरा. दुसरं सांगायला लागलो असतो तर "मले-तुले" या बोलीवर इकडच्या पोरांनी हसूनच घेतलं असतं. पण माझ्या हातांना ती टाच अजून आठवते. मी रोज बोगद्यातून आल्यावर पाय उजेडात धरून पाहतो. दुखत नाही म्हणजे बरं आहे असं आता वाटत नाही.

काल गावाकडचा माणूस आला होता. म्हणाला, तुझे माय-बाबा पुन्हा धामात गेलेत, होळीपर्यंत येत नाहीत. बाबानं फाटकापासून विहिरीपर्यंत मुरूम टाकला, आता तो दवाखान्याकडे वळला आहे. मायनं एवढंच सांगायला सांगितलं, मामीच्या म्हशीनं दूध कमी केलं, लोणी आता विकत घ्यावं लागतं.

घरी मी दर महिन्याला पंधरा रुपये पाठवतो. या महिन्याला वीस.